सेकंडहँड हिमालयन मागून खाली केलेली निघाली, घाटात वळणावर बाहेर जाते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी चोडणला राहते, माहेर बेळगावचं. रोज फेरीबोटीने रायबंदरला उतरून पणजीला कामाला जाते आणि सुट्टी मिळाली की मये, डिचोली, साखळी, केरी करत चोर्ला घाटाने माहेरी. याच दोन वाटांसाठी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ सेकंडहँड घेतली.

माझी उंची ५ फूट १ इंच. हिमालयनची कंपनीची सीट ८०० मिमी उंच आणि गाडीचं वजन १९९ किलो. मैत्रिणीच्या गाडीवर बसले तर मी चवड्यांवर असते. ही गाडी बघायला गेले तेव्हा मात्र दोन्ही पायांचे तळवे निम्म्याहून जास्त टेकले. मालक म्हणाला, घरच्यांसाठी मागून जरा खाली करून घेतली होती. माझ्यासाठी तीच मोठी गोष्ट होती. ओहोटीच्या वेळी फेरीवर गाडी चढवणाऱ्यांना हे लगेच कळेल. पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो, फेरीची लोखंडी प्लेट ओली, तिच्यावर शेवाळ्याची साय, आणि नेमकी पुढची स्कूटर मध्येच थांबते. तिथे पाय टेकला नाही तर गाडी आडवी.

आता अडचण. शहरात गाडी छान वाटते, घाटात नाही.

वळणात शिरताना हँडल नेहमीपेक्षा जास्त ढकलावं लागतं. मधे गेल्यावर थ्रॉटल दिला की गाडी रेषा सोडून बाहेर सरकते. केरीहून वर चढताना डावीकडच्या आवळ वळणांवर खालून लोखंड घासल्याचा आवाज येतो. वाकून पाहिलं तर मेन स्टँडचा पाय एका कडेने चकचकीत झालेला. मैत्रिणीची मूळ उंचीची हिमालयन त्याच घाटात यातलं काहीही करत नाही. आम्ही गाड्या बदलून पाहिल्या.

आणखी दोन गोष्टी, संबंध असेल तर सांगा. साइड स्टँडवर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते, वाऱ्याने पडेल अशी भीती वाटते. रात्री समोरून येणारे सगळे मला डिपर मारतात, मी लो बीमवर असतानाही.

विचारायचं असं : हे सगळं मागून खाली केल्यामुळेच आहे का? असेल तर पुढचीही बाजू तेवढीच खाली करून घ्यावी, की मागची परत वर करावी? पाय टेकणं मला खरंच गरजेचं आहे, त्यामुळे "वर करून टाका" एवढंच उत्तर पुरणार नाही. जाणकारांनी कृपया कारणासकट सांगावं.

प्रतिसाद

ताई, पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या) टी मधून (त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमधून) वर सरकवा म्हणजे पुढची बाजूही खाली येईल, अर्ध्या तासाचं काम. गाडी जितकी खाली तितकी वळणावर चिकटून राहते. रेसच्या गाड्या बघा किती बुटक्या असतात.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे म्हणून सविस्तर लिहितो. म्हापशात सस्पेन्शनचं काम करतो.

खाली केलेली कार वळणावर चांगली चालते, कारण कार वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलते आणि तिचं वजन खाली असलं की ते कलणं कमी होतं. बाइक उलट आतल्या बाजूला झुकते. तिला झुकायला खाली जागा लागते. टायरला रुंदी असल्यामुळे वजनाचा मध्य जितका खाली, तितकं त्याच वेगाला त्याच वळणावर किंचित जास्तच झुकावं लागतं. म्हणजे खाली केलेल्या बाइकला झुकायची गरज जास्त आणि जागा कमी. रेसच्या बाइकची सीट आणि फुटरेस्ट किती उंच असतात ते एकदा निरखून पाहा.

आता ताईंची गाडी. हिमालयनला मागे एकच शॉकअप आणि त्याला लिंक, म्हणजे चाकाची हालचाल शॉकअपपर्यंत नेणाऱ्या पट्ट्या आहेत. बाजारात मिळणाऱ्या लांब लिंक लावल्या की मागची बाजू साधारण ३० मिमी खाली बसते. तेवढंच धरू. दोन चाकांमधलं अंतर १४६५ मिमी. म्हणजे अख्खी गाडी सुमारे १.२ अंशाने मागे कलली, आणि पुढचा फोर्क तेवढाच जास्त आडवा झाला. पुढे २१ इंची चाक असल्यामुळे ट्रेल सुमारे ८ मिमी वाढतो. ट्रेल म्हणजे हँडलचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर. ते वाढलं की गाडी सरळ रेषेत ठाम जाते, पण वळायला जड होते. तुम्हाला हँडल ढकलावं लागतं ते यामुळे. त्यात थोडा भारही पुढच्या चाकावरून मागे गेलेला असतो.

थ्रॉटल दिल्यावर बाहेर का जाते? मागची बाजू खाली आली की स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, जास्त सपाट होतो. मूळ गाडीत तो मागे उतरता असतो, त्यामुळे थ्रॉटल दिल्यावर चेनची ओढ आणि चाकाचा रेटा मागची बाजू बसू न देण्याचं काम करतात. सपाट झाला की हा आधार कमी होतो, गाडी मागे बसते, फोर्क आणखी आडवा होतो आणि रेषा रुंदावते. लांब लिंकमुळे शॉकअपवरचा लिव्हरही (तरफेचा जोर) बदलतो, तीच स्प्रिंग नरम लागते. ते वेगळं.

घासण्याचं गणित बघा. आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. घासणारा भाग जमिनीपासून ३०० मिमी वर आणि गाडीच्या मध्यापासून ४०० मिमी बाहेर असेल तर तो ३७ अंशाला टेकेल. फक्त मागून ३० मिमी खाली केली तर फुटरेस्टच्या जागी गाडी सुमारे २० मिमी उतरते, मग तोच भाग ३५ अंशाला टेकतो. पुढूनही ३० उतरवली तर ३४ अंशाला. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर हे वेग अनुक्रमे ४४, ४२ आणि ४१ किमी येतात. फरक छोटा दिसतो, पण हे गुळगुळीत रस्त्यावरचं आहे. झुकलेल्या गाडीखाली खड्डा किंवा उंचवटा आला की सस्पेन्शन दबतं आणि उरलेली जागाही जाते. फुटरेस्ट घासला तर तो दुमडतो. मेन स्टँड दुमडत नाही, तो जोरात टेकला तर मागचं चाक जमिनीवरून उचलू शकतो. तुमचा मेन स्टँड चकचकीत झाला आहे, ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

म्हणून "पुढूनही उतरवा" हे अर्धंच उत्तर आहे. त्याने फोर्कचा कोन जागेवर येईल, वळणात शिरणं हलकं होईल. पण झुकायची जागा आणखी कमी होईल, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात जमिनीपासून २२० मिमी क्लिअरन्सची गाडी घेऊन तो घालवायचा हेही पटत नाही. शिवाय फोर्क वर सरकवल्याने त्याचा प्रवास, म्हणजे चाक किती वरखाली होऊ शकतं ते, कमी होत नाही, तो २०० मिमी तसाच राहतो. चाक पूर्ण दबल्यावर मडगार्ड खालच्या टी ला लागतं का हे स्प्रिंग काढून, हाताने दाबून पाहिल्याशिवाय तसं करू नये. नळ्या वर हँडलला अडतात का, ब्रेकचा पाइप कुठे ओढला जातो का, हेही.

हेडलाइट आणि स्टँड, दोन्ही त्याच कारणाने. १.२ अंशाने लाइट वर गेला की ५० मीटरवर प्रकाश सुमारे १ मीटर उंच पडतो, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. हेडलाइटचा स्क्रू फिरवून तो आजच खाली करून घ्या, बाकीच्या निर्णयासाठी थांबू नका. साइड स्टँड मूळ उंचीसाठी बनवलेला, खाली आलेल्या गाडीला तो लांब पडतो.

आधी मोजा, मग ठरवू. मैत्रिणीची गाडी शेजारी लावा, दोन्ही मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. मागच्या अॅक्सलपासून सरळ वर फ्रेमच्या एकाच बोल्टपर्यंत टेप लावा. चाक लोंबतं असल्यामुळे प्रीलोडचा (स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाचा) फरक त्यात येत नाही, फक्त लिंकचा येतो. नंतर स्वतः बसा आणि तेच अंतर कोणाला तरी मोजायला सांगा. मागचा प्रवास १८० मिमी आहे, तुम्ही बसल्यावर त्यातला साधारण तिसरा हिस्सा, ६० मिमीच्या आसपास, खर्च व्हावा. टायरची हवा, पुढच्या टायरची झीज आणि हँडलचा कोनसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) हेही बघून घ्या. कोनसेटमध्ये खाच पडली असेल तरी हँडल असंच अडल्यासारखं वाटतं.

धागाकर्ती

इतकं समजावून कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. मोजलं. मैत्रिणीच्या गाडीपेक्षा अंतर २७ मिमी कमी. मी बसल्यावर ७० मिमीपेक्षा जास्त दबते, प्रीलोडची रिंग सगळ्यात नरमवर होती. लिंकच्या पट्ट्या लेथवर बनवलेल्या दिसतात, त्यावर कसलाच शिक्का नाही. कोनसेट ठीक आहे, हवा बरोबर. हेडलाइट खाली करून घेतला, डिपर बंद झाले.

प्रीलोड वाढवला तर वळणावर फरक पडेल का? आणि तेवढ्याने पाय टेकणं किती जाईल?

प्रतिसाद

मी फोंड्याची, उंची तुमच्याहून एका इंचाने कमी, गाडी मूळ उंचीचीच चालवते. म्हणून पाय टेकण्याबद्दल लिहिते, बाकीचं वर आलंच आहे.

दोन्ही पाय टेकायलाच हवेत हे मनातून काढा. थांबताना बूड सीटवरून डावीकडे सरकवा आणि डावा पाय पूर्ण तळव्याने टेका, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. फेरीच्या चढावर तर उजवा पाय ब्रेकवरच हवा, नाहीतर दोन्ही पाय टेकूनही ओल्या प्लेटवर गाडी मागे घसरते. दोन टेकलेल्या चवड्यांपेक्षा एक पूर्ण टेकलेला तळवा कितीतरी भक्कम. फर्मागुडीच्या चढावर रहदारी नसताना सराव करा. थांबायची जागा आधी बघायची, डावीकडे खोलगट असेल तर दोन हात पुढे जाऊन थांबायचं. जाड तळव्याचे बूट घाला, पण तळवा रबराचा हवा, फेरीवर कडक प्लास्टिकचा तळवा घसरतो.

दुसरं, सीट. उंचीइतकीच तिची रुंदी आड येते. मांड्या फाकल्या की पाय तिरके जातात आणि उंची वाया जाते. पुढच्या बाजूने सीट दोन्हीकडून अरुंद करून फोम थोडा कापून घेतला की पाय सरळ खाली जातात. मी तेच केलं आहे. त्याने गाडीच्या कोनात एक अंशाचाही फरक पडत नाही.

प्रतिसाद

फोंड्याच्या ताईंनी लाखाचं लिहिलं. म्हापसेकर पुन्हा.

प्रीलोडने ७० वरून ६० वर आणलंत तर मागची बाजू १० मिमी वर येईल, थोडा फरक नक्की जाणवेल. पण प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी कुठे बसते ते बदलतं. लिंकने बिघडवलेला लिव्हर तसाच राहणार.

मला सगळ्यात खटकलं ते शिक्का नसलेल्या पट्ट्या. मागच्या चाकाचा सगळा भार त्यातून जातो. कुठलं लोखंड, भोकं किती अचूक, काही माहीत नाही. भोक जरा ढिलं असेल तर बुशही (सांध्यातली बारीक नळी) खातं. घाट करणाऱ्या गाडीवर मी त्या ठेवणार नाही.

माझ्या मते क्रम असा : आधी सीट करून घ्या, ती सध्याच्याच लिंकवर चालवून बघा. पाय आणखी आरामात टेकू लागले की मूळ लिंक घाला, प्रीलोड ६० मिमीवर लावा. सीटमधून २५ मिमी जरी गेले तरी तुम्ही आत्ताच्या उंचीच्या जवळपासच असाल, आणि गाडी मूळ कोनात. लिंक बदलल्यावर चेनचा सैलपणा पुन्हा तपासायचा. पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा पिव्होट (तो ज्यावर फिरतो तो सांधा) आणि मागचा अॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते, त्या स्थितीत ती कडक होता कामा नये. हेडलाइटही परत लावायचा, नाहीतर रस्ता पायाखालीच दिसेल.

तोवर चोर्ल्यात मेन स्टँड काढून चाला. चार बोल्टचाही खेळ नाही, आणि डाव्या वळणावर घासणारा पहिला भाग जातो. पंक्चर काढताना अडेल, तेवढं चालवून घ्या.

प्रतिसाद

फक्त एक भर. मागे कोणी बसणार असेल किंवा बेळगावहून सामान भरून आणणार असाल तर प्रीलोड त्या वजनाला लावून घ्या. घाट उतरताना मागची बाजू दबलेली असली की वळणावर हेच सगळं दुपटीने जाणवतं.

धागाकर्ती

पटलं. मेन स्टँड काल काढला. प्रीलोड वाढवून सध्या साखळीपर्यंतच गेले, वळणात शिरताना हँडल थोडं हलकं वाटलं, थ्रॉटलवर बाहेर जाणं मात्र तसंच आहे, तुम्ही म्हणालात तसं. डाव्या पायाचा सराव धक्क्यावर फेरी यायची वाट बघताना करते आहे, उजवा पाय ब्रेकवर ठेवायचं वळण लागायला वेळ लागेल पण फरक कळतोय. लिंक बदलेपर्यंत घाटात जाणार नाही.

आता दोन गोष्टी हव्या आहेत. म्हापसा, डिचोली किंवा फोंडा भागात हिमालयनची सीट अरुंद करून देणारा, फोम नीट कापणारा कारागीर कोणाच्या माहितीत असेल तर सांगा. आणि ४११ च्या मूळ लिंकच्या पट्ट्या बुश आणि बोल्टसकट कोणाकडे काढून ठेवलेल्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी येऊन घेऊन जाईन. बुश घासलेले नकोत, ते मी आधी बघून घेईन.