तुमच्या घरातली युनियन : अनुभव लिहा

परळची लेक
बाबा कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. घरातली पितळी भांडी एकेक करून मोडीत गेली. शेवटी पाणी तापवायचा बंब गेला, त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. तरी संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांच्याबद्दल त्यांच्या तोंडून वावगा शब्द आला नाही. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता एकाच युनियनला, आणि कामगार होते सामंतांच्या मागे. मग बोलणी व्हायची कुणाशी? बाबांना सलत होतं ते हे.
युनियनने तुमच्या घराला काय दिलं, ती गेल्यावर काय गेलं? मनापासून लिहा.

भोसरी, निवृत्त
1989 साली पॉवर प्रेसमध्ये माझी दोन बोटं गेली. सुपरवायझरने रिपोर्टात लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. आमचे सेक्रेटरी थेट मशीनपाशी आले. प्रेसवरून काढून ठेवलेला गार्ड, म्हणजे हात वाचवणारी जाळी, कोपऱ्यात पडला होता, तो उचलून त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "ते वाक्य खोडा, मगच दुसरी शिफ्ट आत जाईल." अर्ध्या तासात खोडलं. मला हलकं काम मिळालं आणि तिथूनच रिटायर झालो. महिन्याची वर्गणी होती पाच रुपये.
पण एक कबूल करतो. पुढे ठेकेदाराची पोरं आली. करार करताना आम्ही कायमवाल्यांचंच पाहिलं, त्या पोरांची युनियनची पावती कधी फाडली नाही, त्यांना सभासद केलंच नाही. बाहेरच्यांनी युनियन मोडली असं मी म्हणणार नाही. तिची मुळं आम्हीच तोडली.

चाकण, वय 26
तीन वर्षांत चौथी कंपनी. वर्षात 240 दिवस भरले की कामगाराला कायद्याचं संरक्षण मिळतं, ते भरू द्यायचे नाहीत, म्हणून सात महिन्यांनी ब्रेक. मागच्या महिन्यात शेजारच्या लाइनवरच्या पोराचा हात भाजला. आम्हीच रिक्षात घालून दवाखान्यात नेला. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचं कार्ड पंच होईना. कुणाला विचारायचं? ठेकेदार फोन उचलत नाही, आणि कंपनी म्हणते तो आमचा माणूसच नाही.

वाशीहून
आजोबा माथाडी. तेही कुठल्याच कंपनीचे कायम नव्हते. पण अण्णासाहेब पाटलांनी लढून 1969 चा कायदा आणला. मजुरी माथाडी मंडळात जमा व्हायची, वर मालकाने भरायची जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, त्यातून फंड आणि बोनस. माथाडीच्या नावावर आज कुणी खंडणी मागितली की जीव जळतो. चाकणच्या मुलांना असंच मंडळ का नको?

भोसरी, निवृत्त
चाकणच्या बाळा, त्या पोराचं कार्ड, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी आणि दवाखान्याचा कागद जपून ठेवा. सोबत काम करणाऱ्या चार जणांना बोलाव. मी रविवारी येतो. सोमवारी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आपण सगळे मिळून जाऊ.