मदत हवी आहे: फोटोअकॉस्टिक चाचणीत दुप्पट खोलीवर खोटी रेघ

स्तनातल्या गाठींसाठी लेझर आणि सोनोग्राफीच्या जोड तंत्राची (फोटोअकॉस्टिक: लेझरचा उजेड शोषला की तिथून आवाज निघतो, तो सोनोग्राफीने ऐकायचा) चाचणी कोल्हापुरात सध्या फँटमवर, म्हणजे नकली नमुन्यावर चालू आहे, पेशंटवर नाही. 950 मिली पाण्यात 20 ग्रॅम अगार उकळून, 50 अंशांवर निवल्यावर 20 टक्क्यांचं इंट्रालिपिड (उजेड विखुरणारं दुधाळ स्निग्ध द्रव) 50 मिली घातलंय. हळूच ढवळायचं, नाहीतर बुडबुडे अडकतात आणि सोनोग्राफी आंधळी होते. साचा उद्यमनगरात करून घेतलेला. आत 15 मिमी खोल, काळी शाई घातलेला 10 मिमीचा गोळा. प्रोब (सोनोग्राफीचा आवाज ऐकणारा भाग) 5 ते 14 मेगाहर्ट्झ, लेझर 757 आणि 1064 नॅनोमीटर.

गोळ्याची फक्त कड दिसते, त्याचं नवल नाही. एवढ्या गोळ्याचा आवाज साधारण 150 किलोहर्ट्झचा, तो या प्रोबला ऐकूच येत नाही. अडलंय ते 30 मिमीवरच्या खोट्या रेघेपाशी. प्रोब आणि फँटमच्या मधे 5 मिमीचा जेल पॅड ठेवला की ती 10 मिमी खाली सरकते. फँटमच्या वरच्या थरातून आवाज निघत असता तर 5 च सरकली असती. म्हणजे लेझरचा विखुरलेला उजेड प्रोबच्या तोंडावरच पडतोय, आणि तिथून निघालेला आवाज गोळ्यापर्यंत जाऊन परत येतोय, म्हणून दुप्पट खोली दिसते.

तोंडावर पांढऱ्या सिलिकॉनचा थर द्यावा की सोन्याचा वर्ख? थर किती जाड चालेल, की 14 मेगाहर्ट्झकडचा सिग्नल मरणार नाही? आणि मिरज-सांगलीकडे कुणाकडे 1 ते 5 मेगाहर्ट्झचा प्रोब चार दिवस मिळेल का?