वडिलांचं रक्तातलं पोटॅशियम वाढून ५.९ आलंय, घर माळकरी, आता त्यांना खायला काय घालायचं?

विजापूररोडवाला
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणारे पण वाचा. वडील ६८ वर्षांचे, २०२१ ला अँजिओप्लास्टी झालीय, दोन स्टेंट, हार्टचं पंपिंग ३५ टक्के. गळ्यात माळ आहे त्यामुळे अंडं-मटण लांबच, घरात सगळंच शाकाहारी. आषाढीला एसटीनं पंढरपूरला जाऊन आले आणि आल्यापासून पाय गळाल्यासारखे वाटायलेत म्हणतात. आम्हाला वाटलं दगदग झाली असंल. परवा रूटीन रक्त तपासलं तर पोटॅशियम ५.९ आणि क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) १.६, दोन्ही वाढलेले. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, तो ठीक निघाला, हार्टसाठी चालू असलेली स्पायरोनोलॅक्टोनची गोळी २५ ची निम्मी केली, एक पावडर दिली पाण्यातून घ्यायला, आठवड्यानं परत रक्त. आणि "पोटॅशियमचं खाणं बंद" म्हणून एक झेरॉक्स हातात दिली, झालं, पुढचा पेशंट आत.

त्या झेरॉक्सवर केळी, बटाटा, टोमॅटो, पालक, सगळ्या डाळी, कडधान्य, शेंगदाणे, नारळपाणी, खजूर, गूळ सगळ्यावर काट. काय ओ, सोलापुरात शेंगाचटणी बंद केल्यावर माणसानं भाकरी कशाला लावून खायची? आणि चार वर्षं हेच सांगत होते की हार्टला भाजी, फळं, डाळी भरपूर द्या. आम्ही दिल्या की. मी तर जानेवारीपासून मीठ पण बदललं, ते कमी सोडियमवालं महागडं. आई कालपासून नुसता भात आणि ताक देतीय आणि कोपऱ्यात बसून डोळे पुसतीय. कुणाच्या घरात असं झालंय का? रोजचं ताट कसं करता ते सांगा.

मंगळवारबाजार
अशक्तपणा आहे ना मग रोज सकाळी एक शहाळं द्या, आमच्या सासऱ्यांना लई फरक पडला.

टेस्टट्यूब_काका
अहो ताई नको!! शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियमच तर असतं, एका शहाळ्यात सहज ५०० मिलिग्रॅम. ज्याचं आधीच ५.९ आहे त्याला ते पाजू नका. जुलाब झालेल्या धडधाकट माणसाला चांगलं, इथं नाही.

विजापूररोडवाले, मी ३० वर्षं लॅबमध्ये काढलीत, दोन गोष्टी बघा. पहिली, रिपोर्टवर खाली कुठं "हिमोलाइज्ड" (म्हणजे सॅम्पलमधल्या रक्तपेशी फुटलेल्या) लिहिलंय का? रक्त काढताना पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला, पेशंटला मूठ उघड-झाक करायला लावली, नाहीतर घरून घेतलेलं सॅम्पल सीरम वेगळं न करता तासन्‌तास तसंच राहिलं, तर पेशीतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा उगाच वर दिसतो. पण म्हणून "खोटा असंल" म्हणून गप बसू नका, तुमच्याकडं क्रिएटिनिन पण वाढलंय म्हणजे खरा असायची शक्यता भरपूर. पुढचं रक्त लॅबमध्ये जाऊन द्या, पट्टा सैल, मूठ न आवळता.

दुसरी आणि माझ्या मते मेन. ते मीठ. पुडा उलटा करून मागं बारीक अक्षरात वाचा आणि इथं टाका काय लिहिलंय.

विजापूररोडवाला
काका पुडा आत्ता बघितला. सोडियम क्लोराइडच्या खाली पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय. अरे देवा. म्हणजे मीच घालत होतो का सहा-सात महिने??

टेस्टट्यूब_काका
मनाला लावून घेऊ नका, पुढच्या बाजूला हार्टचं चित्र असतंय, मागचं कोण वाचतंय. सोडियम कमी करायचं तर त्या जागी काहीतरी खारट घालावं लागतं, ते हेच. पोटॅशियम क्लोराइडच्या वजनात निम्म्याच्या वर पोटॅशियमच असतं आणि ते भाजीतल्यासारखं अडकलेलं नसतं, बहुतेक सगळं रक्तात जातं. किडनी चांगली असली की लघवीवाटे निघून जातं म्हणून बाकीच्यांना ते मीठ चालतं. तुमच्या वडिलांना हार्ट-बीपीची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन कायतरी असणारच, त्यात स्पायरोनोलॅक्टोन, दोन्ही गोळ्या पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या. आजच ते मीठ बंद, साधं मीठ आणा आणि तेच कमी घाला. सैंधव आणू नका, ते पण मीठच आहे, त्यानं काही फायदा होत नाही.

आणि हो, गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेतात का? डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन? त्यानं किडनीवर ताण येतो आणि पोटॅशियम चढतं.

होटगीरोडची_सून
आमच्या घरी हेच झालंय, मिस्टरांचं ६.१ गेलेलं, दोन दिवस ॲडमिट होते. तेव्हापासून मी शिकले ते सांगते, मला लिहायला नीट जमत नाही सांभाळून घ्या.

काकूंना सांगा डाळ बंद करायची गरज नाही, डाळ शिजवायची पद्धत बदलायची. मी तूरडाळ रात्री भिजत घालते, सकाळी ते पाणी ओतून देते, मग कुकरला न लावता मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळते आणि वरचं पाणी गाळून टाकते, मग नवीन पाणी घालून फोडणी. पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि पाण्याबरोबर जातं. कुकरमध्ये सगळं आतच राहतं ना. बटाटा अख्खा उकडून काही उपयोग नाही, सोलून बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकळायचा, पाणी फेकायचं, निम्मं तरी कमी होतं म्हणे. नुसता भिजवून ठेवला तर फारसं निघत नाही, मी आधी तेच करत होते.

आणि आपल्याकडं पुरणाच्या दिवशी येळवणी (कटाची आमटी) करतात ना, तिथं मी फसले. डाळीचं पोटॅशियम त्या कटात उतरलेलं आणि मी पुरण "गोड म्हणून नको" आणि वाटीभर येळवणी "पचायला हलकी" म्हणून दिली!! उलटं केलं सगळं. गूळ पण त्यात. तसंच संक्रांतीचा गरगट्टा, पाच-सहा पालेभाज्या आणि डाळ एकत्र घोटलेली, तो आता त्यांना दोन चमचे चवीपुरता.

भाज्या दुधी, दोडका, कोबी, काकडी चालतात, कोबी पण मी उकळून पाणी काढते. फळात सफरचंद, पेर, अननसाची फोड. जांभळं आत्ता बाजारात आहेत, ती मूठभर द्या. केळी आणि डाळिंबाचा ग्लासभर रस नको, चार दाणे खाल्ले तर काही होत नाही.

पुण्यात_रुजलेली_सोलापुरी
माहेर जुळे सोलापूर, पुण्यात किडनी पेशंटची डाएटिशियन म्हणून काम करते. वरच्या ताईंनी स्वयंपाकघरातलं जवळजवळ सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त भर घालते.

झेरॉक्स बाजूला ठेवा पण फेकू नका. शेंगाचटणी आधी. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला ७०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, ऐकायला लई वाटतं, पण चटणी माणूस १०० ग्रॅम खातो का? सपाट दोन चमचे म्हणजे १० ते १५ ग्रॅम, शंभरेक मिलिग्रॅम. दिवसाला साधारण २००० मिलिग्रॅम पोटॅशियमचं गणित धरतात, त्यात एक-दीड ज्वारीची भाकरी आणि दोन चमचे चटणी आरामात बसते. मात्र घरी कुटा, साधं मीठ बेतानं घालून. तुमच्या डॉक्टरांना तुमचा आकडा विचारा, सगळ्यांना २००० लागू नसतो.

खरा घोळ एकादशीचा. खिचडीतला बटाटा, उकडलेलं रताळं, शेंगदाण्याचं कूट, दोन केळी, खजूर, वर शहाळं. बेरीज करा, तीन हजाराच्या घरात जाते. साबुदाण्यात स्वतःत फार पोटॅशियम नसतं, तो नुसता स्टार्च, त्याच्याबरोबरची मंडळी नडतात. म्हणजे ज्या दिवशी "पोटाला आराम" त्याच दिवशी सगळ्यात जास्त भार.

भाज्या मात्र पूर्ण बंद करू नका, आईंनी नुसता भात-ताक लावलंय ते काळजीचं आहे. भाजी-धान्यातलं सगळं पोटॅशियम अंगी लागत नाही आणि चोथ्यानं पोट साफ राहतं. किडनी थकली की थोडं पोटॅशियम शौचावाटे जातं, म्हणून बद्धकोष्ठ झालं की आकडा चढतो. डॉक्टरांनी दिलेली ती पावडर कॅल्शियम पॉलिस्टायरीनवाली (पोटात पोटॅशियम धरून बाहेर काढणारी) असेल तर तिनंच पोट घट्ट होतं. तिच्यात आणि बाकीच्या गोळ्यांत तीन तासांचं अंतर ठेवा.

आणि हृदयाच्या गोळ्या मनानं बंद करू नका, प्लीज. ३५ टक्के पंपिंगला त्याच गोळ्यांचा आधार असतो. आठवड्यात पाय फारच जड झाले, धडधड किंवा नाडी मंद वाटली, चक्कर आली तर इथं पोस्ट टाकत बसू नका, रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी. पोटॅशियम खूप चढलं की बऱ्याचदा काही जाणवत नाही आणि ठोका एकदम बिघडतो.

विजापूररोडवाला
सगळ्यांना काय म्हणू आता. उशिरा लिहितोय, रक्त झालं. लॅबमध्ये जाऊन दिलं, काकांनी सांगितलं तसं. ५.१ आलंय. मीठ बदललं, आणि काका तुमचा अंदाज बरोबर निघाला, वडिलांच्या बंडीच्या खिशात डायक्लोफिनॅकची निम्मी पट्टी सापडली, वारीच्या आधीपासून दिवसाला एक चालू होती, "अरे गुडघ्याची आहे ती, हार्टची नव्हं" म्हणतात. डॉक्टरांना मीठ आणि गोळ्या दोन्ही सांगितलं, त्यांनी डोक्याला हात लावला आणि मग पहिल्यांदा दहा मिनिटं बसून बोलले. क्रिएटिनिन पंधरा दिवसांनी परत बघायचंय.

आईनं मोठं पातेलं काढलंय माळ्यावरचं, लग्नातलं. डाळीचं पाणी गार करून कढीपत्त्याला घालती, म्हणती त्याला तरी लागू दे. चटणी दोन चमचे मोजून, वडील चमच्याला शीग लावायला बघतात, ती सुरीनं सपाट करती.

आता वांधा एकच राहिलाय, पुढची एकादशी. उपास सोडणार नाही म्हणालेत. भगर आणि थोडं ताक एवढ्यावर तयार झालेत, पण दाण्याची आमटी नसली तर भगर घशाखाली उतरायची कशी असं विचारायलेत. होटगीरोडच्या ताई, तुमच्याकडं काय करता?

होटगीरोडची_सून
काकडी किसून जिरं-मिरचीची फोडणी द्या आणि दह्यात कालवा, पातळसर. कूट वरून एकच चमचा. आमचे हे आधी नाक मुरडायचे, आता मागून घेतात.