मदत हवी आहे (तातडीची): बोट लावूनही दार उघडत नाही

कुलूपकिल्ली
दारावरचं बोटाचं यंत्र काही जणांना रोज नाकारतंय. काच पुसून झाली, बंद-चालू करून झालं, बोटं नव्याने नोंदवून झाली. साहेब म्हणतात, यंत्रच बदला. चेहऱ्याचं घेऊ की डोळ्याचं? सोमवारी उत्तर द्यायचंय.

खटपट्या
डोळे मिटून चेहऱ्याचं घ्या. हात भरलेले असले तरी चालतं. फक्त कॅमेरा इन्फ्रारेडवाला, चेहऱ्याचा उंच-सखलपणा मोजणारा हवा. साधा असला तर मोबाइलवरचा फोटो दाखवून कुणीही आत जाईल.

गाठोडं
अहो थांबा. माणसं किती? आत काय आहे? नाकारतं ती ठरावीक माणसं की कुणालाही?

कुलूपकिल्ली
२४०. औषधांचा साठा. तीच सहा-सात माणसं. पण माझा प्रश्न चेहरा की डोळा हा आहे.

रिकामटेकडा
आंघोळीनंतर माझा फोनही बोट ओळखत नाही. मी सरळ पॅटर्न ठेवलाय.

गाठोडं
@कुलूपकिल्ली, ती सहा-सात माणसं हाताने काय काम करतात?

कुलूपकिल्ली
प्रयोगशाळेत असतात. दिवसभर स्पिरिटने हात पुसतात. त्याचा इथे काय संबंध?

गाठोडं
सगळा संबंध तिथेच आहे! कपॅसिटिव्ह सेन्सर असेल तर तो बोटावरच्या उंचवट्यांतला आणि खाचांतला विद्युत फरक वाचतो. कातडी कोरडीठाक झाली की ठसा तुटक येतो. नोंदणी सकाळी आल्या आल्या केलीत ना?

कुलूपकिल्ली
हो. तुम्हाला कसं कळलं?

जुनीपेटी
कशाला हवीत ही थेरं? कार्ड द्या. हरवलं तर रद्द करता येतं. ठसा चोरीला गेला तर नवं बोट कुठून आणणार? २०१५ साली अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यांच्या नोंदींतून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेल्याचं उघड झालं होतं.

खटपट्या
कार्ड मित्राच्या हातात देता येतं. बोट देता येतं का?

जुनीपेटी
येतं की. जपानच्या मात्सुमोतो या संशोधकांनी २००२ मध्येच जिलेटिनची बोटं करून यंत्रं फसवली होती.

टीपकागद
अवांतर: ठशांच्या वर्गीकरणाला 'हेन्री पद्धत' म्हणतात, पण त्यामागची मेहनत बंगाल पोलिसांतल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची. नाव मात्र त्यांच्या इंग्रज साहेबाचं, एडवर्ड हेन्रींचं राहिलं.

गाठोडं
वेगळा धागा काढा हो, तिथे येतो.

कुलूपकिल्ली
भांडू नका. एक सांगायचं राहिलं. बसवणारा माणूस गेल्या आठवड्यात सेटिंगमध्ये काहीतरी सैल करून गेला. नाकारणं कमी झालंय, पण काल मी बोट लावलं तर दार उघडलं आणि पडद्यावर दुसऱ्याचंच नाव!

गाठोडं
हे 'राहिलं'?? मूळ दुखणं हेच आहे. त्याने जुळणीचा थ्रेशोल्ड, म्हणजे ठसा किमान किती जुळला की दार उघडायचं ती मर्यादा, खाली आणलाय. हक्काच्या माणसाला नाकारणं कमी केलं की परक्याला घेणं वाढतं. वर तुमचं यंत्र प्रत्येक बोट सगळ्यांच्या ठशांशी ताडून बघतंय. समजा, एका ठशाशी चुकून जुळण्याची शक्यता १०,००० त १ आहे. माणशी दोन बोटं धरली तर ४८० तुलना, म्हणजे शंभर परक्या बोटांमागे चार-पाच सरळ आत. औषधांच्या खोलीत!
आजच थ्रेशोल्ड पूर्ववत करून घ्या. आधी कार्ड किंवा नंबर, मग बोट असं लावा, म्हणजे तुलना त्याच माणसाच्या ठशांशी होईल. आणि त्या सहा-सात जणांची नोंदणी भर कामात करा, हात असतील तसे, दोन्ही हातांची.

जुनीपेटी
म्हणजे शेवटी कार्डच.

खटपट्या
चेहरा घेतला असता तर यातलं काहीच नको होतं.

कुलूपकिल्ली
प्रयोगशाळेतल्यांना मास्क असतो. सांगायचं राहिलं.

खटपट्या
मग डोळ्याचं घ्या.

गाठोडं
गॉगलही असतो का? तेही आत्ताच सांगून टाका. आणि वीज गेल्यावर ते दार उघडं राहतं की बंद?

कुलूपकिल्ली
गॉगल असतो. विजेचं बघून सांगतो.