मदत हवी आहे: सूर न लागणाऱ्या मुलांचं काय करू?

नमस्कार. दहा वर्षांच्या मुलांना संगीत शिकवते. वर्गात चाळीस मुलं, आठवड्यातून एकच तास. त्यातली पाच-सहा मुलं कुठलंही गाणं एकाच सुरात म्हणतात. त्यांना गप्प बसवून नुसत्या टाळ्या वाजवायला लावणं मला पटत नाही. एकदा 'तुला गाता येत नाही' असं ऐकलेलं मूल मग तोंडच उघडत नाही.

आधी कान, मग गळा आणि स्वर लिहिण्याची चिन्हं अगदी शेवटी, हा क्रम मी पाळते. हंगेरीचे संगीतकार कोदाय यांच्या संगीत शिकवण्याच्या पद्धतीतल्या, प्रत्येक स्वरासाठी वेगळ्या असलेल्या हाताच्या खुणाही वापरते (त्या मूळच्या १९व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या जॉन कर्वेन यांच्या). सुरुवात पंचमावरून (प) शुद्ध गंधारावर (ग) उतरण्यापासून, कारण लांबून हाक मारताना मुलं आपसूक तेवढंच अंतर घेतात.

परवा एक मुलगा माझ्या सुराच्या बराच खाली गात होता. मी माझी गायची पट्टी सोडली, त्याचाच सूर धरला आणि तिथून त्याच्यासोबत एकेक पायरी वर चढले. तीन सुरांपर्यंत तो बरोबर आला! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तेवढ्यात बाकीच्या वर्गाचा गोंधळ सुरू झाला.

एकेकाकडे असं लक्ष देताना उरलेल्यांना कशात गुंतवायचं? आणि अशा मुलांचं मूल्यमापन कसं करता? सुराला गुण द्यायचे, की ऐकण्यातल्या प्रगतीला? प्रत्यक्ष वर्गात करून पाहिलेलं सांगाल तर फार मदत होईल.