पाणी पिवळं झालं म्हणून बदलू नका

माशांच्या टाकीतल्या बदामाच्या पानांनी पाणी चहासारखं झालं म्हणून तुम्ही ती रिकामी करून नवीन पाणी भरलंत आणि आता इम्बेलिसची (फायटर माशाच्या रानटी भाऊबंदाची) जोडी रंग टाकून कोपऱ्यात बसलीय, हे वाचून जीव कळवळला. अहो, तो रंग म्हणजे घाण नव्हे, पानांतलं टॅनिन नावाचं द्रव्य आहे. थायलंड-मलेशियाच्या दलदलीतला, भातखाचरातला हा मासा, पालापाचोळ्यातच वाढलेला. पानं पुन्हा टाका, पण झाडावरून तोडलेली नकोत. आपसूक गळालेली, तांबूस वाळकी घ्या आणि तीही रस्त्याकडेच्या झाडाची नकोत. 20 लिटरला एक-दोन पुरे. आधी तरंगतात, दोन-तीन दिवसांत बसतात. माझा नर अशाच एका पानाखाली बुडबुड्यांचं घरटं करायचा. पान उचललं की खाली पांढऱ्या फेसाचा गोल दिसायचा.

नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला, आठवड्याला पाचवा हिस्सा फक्त. फिल्टरची धार मंद ठेवा.

आणि झाकण! हिटरच्या वायरीसाठी सोडलेल्या दोन बोटांच्या फटीतून तोच नर रात्री उडाला. सकाळी टेबलामागे वाळलेला सापडला. अजून डोळ्यांसमोरून जात नाही. झाकणाने वरची हवाही उबदार, दमट राहते आणि हा मासा वर येऊन हवा घेतो. आपल्या कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गारठतात, तेव्हा हिटर 25-26 अंशांवर लावाच.

दोन दिवस टाकीला हात लावू नका. मग डासांच्या जिवंत अळ्या देऊन बघा.