कंटाळा कसला?

वर कुणीतरी म्हटलंय, ट्रेन सिम्युलेटर खेळात शिंकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, चालवणं कंटाळवाणं आहे, ताशी ३०० किमीचा वेग धरून नुसतं बसून राहणं. अहो, एकदा थांबवून तर बघा! उजव्या हाताला वेगाचा दांडा, डाव्या हाताला ब्रेक. स्टेशन जवळ आलं की एटीसी ही स्वयंचलित वेग-नियंत्रण यंत्रणा आपणच वेग ३० पर्यंत उतरवते, पण शेवटचे मीटर तुमचे. पहिल्याच रात्री गाडी खुणेच्या दोन डबे पुढे नेऊन ठेवली मी! शिवाय टोकियो ते शिन-ओसाका हा तोकायदो मार्ग १९६४ चा, वळणांची त्रिज्या २,५०० मीटर, म्हणून तिथे एन७०० ही वेगवान गाडीदेखील २८५ वरच अडते. ३०० हवेत ना, तर शिन-ओसाकाच्या पुढचा सान्यो मार्ग घ्या. बोगदेच बोगदे आहेत, देखावा विसरा.